दोघं राजधानीला

राजधानी हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला आहे. पूर्वी राजा जिथे राहायचा ती राजधानी. आता राजे गेले. तरी शब्द राहिला. आज जिथून राज्याचा कारभार चालतो, त्या गावाला राजधानी म्हणतात. आपल्या देशाची राजधानी दिल्ली. आपल्या महाराष्ट्राची राजधानी मुंबई. नागपूरला उपराजधानी म्हणतात. १९५३ साली नागपूर करार झाला होता. त्यात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरसाल नागपूरला भरतं. हिवाळ्यात भरतं. बाकीची मुंबईला भरतात.

आता एवढं पुस्तकात वाचून कळतं. पण राजधानी आपल्या डोळ्यांनी बघावी, असं आम्हांला वाटलं. आम्ही म्हणजे नवरा-बायको. हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. म्हणून यात सगळीकडे 'आम्ही' असं येईल. जिथे एकाचंच सांगायचं असेल तिथे आमच्यातली बाई, आमच्यातला बाप्या, असं म्हणू.

उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला होता. वावरात काम नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण लग्नकार्य आणि वणीची जत्रा सोडून आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नव्हतो. शुक्रवारी रात्री जेवताना बाई म्हणाली, "अहो, उद्या मुंबईला जाऊन यायचं का?" बाप्या म्हणाला, "उद्या? तयारी काय?" ती म्हणाली, "तयारी कशाची? भाकऱ्या बांधते." झालं. सासूबाईंना विचारलं. जाऊबाईंनी गुरांचं अंगावर घेतलं. चिंचपोकळीला चाळीत बाईची मावसबहीण राहते. तिला फोन केला. रात्री राहायची सोय झाली.

ही सोय आधी करावी, बरं का. मुंबईत लॉजवर राहायचं तर ओळखपत्र लागतं. आधार कार्ड प्रत्येकानं आपापलं जवळ ठेवावं. एकाच पिशवीत दोघांची कार्डं आणि सगळे पैसे ठेवू नयेत. पिशवी गेली तर दोघंही अडतात.

पहाटेच्या एसटीनं नाशिकरोडला गेलो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हांला माहीत असेलच. रेल्वेत मात्र बाईला आणि बाप्याला सारखंच तिकीट. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही.

रेल्वेच्या तिकिटाचं थोडं नीट सांगतो, कारण इथेच नवा माणूस गोंधळतो. तिकीट दोन तऱ्हेचं असतं. एक आरक्षणाचं. त्यावर डब्याचा आणि बाकाचा नंबर असतो. ते आधी काढून ठेवतात. दुसरं साधं, म्हणजे जनरलचं. आयत्या वेळी निघालेल्या माणसाला हेच बरं. ते खिडकीवर मिळतं, स्टेशनातल्या यंत्रावर मिळतं, मोबाइलवरही मिळतं. नाशिकरोड ते मुंबई १८७ किलोमीटर आहे. दोनशे किलोमीटरच्या आतलं साधं तिकीट ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी काढावं लागतं. आणि काढल्यावर तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी तिकीट काढलं आणि दुपारी सावकाश निघालो, असं चालत नाही.

जनरलच्या तिकिटावर आरक्षणाच्या डब्यात बसता येत नाही. तिकीटबाबू आला तर दंड होतो. बिनतिकीट सापडलं तर भाडं भरून वर कमीत कमी २५० रुपये दंड. जलद गाडीला, म्हणजे सुपरफास्टला, तिकिटाशिवाय थोडे जास्त पैसे पडतात. खिडकीवर गाव सांगताना गाडीचं नावही सांगावं. मग बाबू त्याप्रमाणे तिकीट देतो. हातात आलं की तिकीट वाचावं. कुठून, कुठे, किती माणसं, किती रुपये. चार ओळी असतात. बाईनं ते तिकीट खिडकीशीच उभं राहून वाचलं. मागची रांग कुरकुरली. कुरकुरू द्यावी.

गाडीत गर्दी होती. तरी इगतपुरीपर्यंत बसायला जागा झाली. इगतपुरीच्या पुढे घाट लागतो. त्याला थळ घाट म्हणतात. लोक कसारा घाटही म्हणतात. इथे रेल्वे डोंगर उतरते. आपली बैलगाडी उतारावर जशी जपून न्यावी लागते, तशीच आगगाडीही. उतार मोठा आहे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली. रस्त्याला हा उतार काहीच नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्याला हा फार झाला. हा घाटाचा रस्ता १८६५ साली सुरू झाला. त्या काळी यंत्रं थोडी. सुरुंग लावून, पहारी मारून, टोपल्यांनी माती वाहून बोगदे झाले. थळ आणि भोर या दोन घाटांच्या कामात हजारो मजूर दगावले. कुणी दगडाखाली, कुणी पटकीनं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. बोगद्यात गाडी शिरली की पोरं ओरडतात. आम्हीही लहानपणी ऐकीव गोष्टीवर ओरडायचो. खऱ्या बोगद्यात मात्र आम्ही गप्प बसलो.

देशातली पहिली प्रवाशांची आगगाडी याच बाजूला धावली. १६ एप्रिल १८५३ हा तो दिवस. मुंबईच्या बोरीबंदरहून ती ठाण्याला गेली. ३४ किलोमीटर. डबे चौदा, माणसं सुमारे चारशे, आणि ओढायला इंजिनं तीन. जुनी माणसं सांगतात, लोकांना वाटायचं यात भूत आहे. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी चालते कशी? पुढे त्याच बोरीबंदरला मोठं स्टेशन बांधलं. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज माणसानं त्याचा नकाशा केला. त्याला राणीचं नाव दिलं होतं. १९९६ साली ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस केलं. २०१७ साली त्यात महाराज हा शब्द घातला. आता सगळे सीएसएमटी म्हणतात. तुम्ही बोरीबंदर म्हणालात तरी मुंबईतला म्हातारा टॅक्सीवाला बरोबर नेऊन सोडील. टर्मिनस म्हणजे जिथे रूळ संपतात ते स्टेशन. पुढे गाडी जातच नाही. त्यामुळे एक सुख आहे, उतरायची घाई नाही. सगळी गर्दी उतरू द्यावी आणि मग उतरावं.

हे स्टेशन बाहेर जाऊन समोरच्या बाजूनं बघावं. लोक घाईत असतात, कुणी वर बघत नाही. आम्ही अर्धा तास बघत होतो. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसवला आहे. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. बांधणारा जरी इंग्रज असला तरी दगडावरचं पुष्कळसं काम इथल्या कला-शाळेतल्या मुलांनी केलं आहे. २००४ साली जगातल्या जपून ठेवण्याजोग्या वास्तूंच्या यादीत या स्टेशनचं नाव आलं. समोर महानगरपालिकेची इमारत आहे. तीही त्याच स्टीव्हन्सनं केलेली. झाडाच्या सावलीत बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि चालत निघालो.

थोडं चाललं की हुतात्मा चौक येतो. इथे थांबावं. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, हे आज आपल्याला साहजिक वाटतं. पण ती सहज मिळाली नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा मराठी मुलखाला मुंबईसह वेगळं राज्य मिळालं नव्हतं. गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच मोठं द्वैभाषिक राज्य केलं होतं. त्याच्या आधीपासून लोक रस्त्यावर आले होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात मोर्च्यावर गोळीबार झाला. पुढेही गोळीबार झाले. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांत गिरणी कामगार होते, पोरं होती. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. चौकात दगडी पुतळे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार, हातात मशाल धरलेले. मेलेल्यांची नावंही कोरलेली आहेत. आमच्यातल्या बाईनं ती वाचायला घेतली. उन्हात उभं राहून पुष्कळ वाचली. आडनावं ओळखीची निघाली. आपल्या गावात असतात तशीच.

तिथून मंत्रालयापर्यंत पाऊण तास लागला. रस्ता लांब नाही, पण आम्ही रमतगमत गेलो. मंत्रालय म्हणजे मंत्र्यांच्या कचेऱ्या जिथे आहेत ती मोठी इमारत. आधी तिला सचिवालय म्हणत. सचिव म्हणजे खात्याचा मोठा अधिकारी. मंत्री बदलतात, सचिव आणि कारकून काम चालू ठेवतात. शेतीखातं, पाणीखातं, शाळाखातं, असं एकेक खातं. २१ जून २०१२ ला या इमारतीला मोठी आग लागली होती. माणसं दगावली आणि हजारो फायली जळाल्या. जवळच विधान भवन आहे. ते १९८१ पासून तिथे आहे. तिथे आमदार बसून कायदे करतात. विधानसभेत २८८ आमदार असतात, विधान परिषदेत ७८. कायदा आमदार करतात आणि तो चालवायचं काम मंत्रालयातून होतं, एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे.

आम्ही गेलो त्या दिवशी शनिवार. मंत्रालय बंद. आम्हांला ते बाहेरूनच बघायचं होतं, म्हणून आमचं काही अडलं नाही. पण तुमचं काम असेल तर शनिवारी-रविवारी जाऊ नका. २०२० च्या फेब्रुवारी अखेरीपासून राज्य सरकारच्या कचेऱ्या आठवड्यात पाचच दिवस चालतात. सोमवार ते शुक्रवार. आणि आत जायला पास लागतो. पास काढायला ओळखपत्र लागतं.

तिथे फुटपाथवर एक आजोबा बसले होते. डोक्याला टापशी, पायाशी पिशवी. विदर्भातले होते. रात्रभर गाडीत उभे राहून आले होते. आता सोमवारपर्यंत कुठे राहायचं, या काळजीत होते. मुंबईत त्यांचं कुणी नव्हतं. जवळ पैसे बेताचे. आम्ही पाणी दिलं. काम काय आहे म्हणून विचारलं. त्यांच्या जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज होता. पाटासाठी जमीन गेलेली. त्यांनी वर्षापूर्वी कुणाकडून तरी अर्ज लिहून मंत्रालयात पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं. ते उत्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलं होतं. पत्र मुंबईहून आलं, तेव्हा मुंबईलाच बोलावलं असणार, असं त्यांना गावात कुणी सांगितलं. म्हणून ते आले.

ते बाईला म्हणाले, "माय, यात काय लिहेल हाय थे सांग बरं मले."

बाप्यालाही वाचता येतं. पण आजोबांनी कागद बाईच्या हातात दिला होता, तेव्हा तिनंच वाचायला घेतला. सरकारी पत्राची भाषा अवघड असते. 'कार्यवाहीसाठी' हा शब्द तिनं तीनदा फोडून वाचला. कार्य, वाही, साठी. ओळीवर बोट ठेवून ती पुढे गेली. पत्रात असं होतं की, आपला अर्ज पुढच्या कार्यवाहीसाठी आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवला आहे, आणि यापुढे त्याच कार्यालयाकडे चौकशी करावी. खाली तारीख होती. दोन महिने झाले होते. वर उजव्या बाजूला एक नंबर होता. त्याला जावक क्रमांक म्हणतात.

म्हणजे त्यांचं काम मुंबईत नव्हतंच. ते त्यांच्याच जिल्ह्याच्या गावी होतं. सोमवारपर्यंत फुटपाथवर झोपून काही मिळणार नव्हतं.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच." बाईनं पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा ती अडखळली नाही. मग त्यांनी विचारलं, नंबर कोणता? तो आम्ही एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. जिल्ह्याच्या कचेरीत गेल्यावर हा कागद दाखवा, म्हणून सांगितलं. रात्रीच्या गाडीनं ते परत जायला निघाले. धामणगावला उतरून पुढे एसटी होती. आम्ही त्यांना स्टेशनच्या बसमध्ये बसवून दिलं. त्यांचं काम पुढे झालं का, हे आम्हांला कळलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. जमिनीचं काम आधी तलाठ्याकडे असतं. मग मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी. सात-बाराची चूक दुरुस्त करायला कुणी मुंबईला जायचं नसतं. सात-बारा तर आता मोबाइलवर किंवा तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात निघतो. आणि सरकारचं पत्र आलं की त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. तारीख कोणती, जावक क्रमांक कोणता, आणि शेवटच्या दोन ओळींत कुणाकडे जायला सांगितलं आहे. वरच्या ओळींत बहुतेक 'संदर्भ' आणि 'विषय' असतो. कामाचं ते शेवटी असतं. असं का लिहितात, कोण जाणे.

मग आम्ही समुद्रावर गेलो. मंत्रालयाच्या पलीकडेच मरीन ड्राइव्ह आहे. लांबच लांब रस्ता आणि एका बाजूला समुद्र. बाईनं समुद्र पहिल्यांदाच बघितला. ती म्हणाली, "याला पलीकडचा काठच नाही." बाप्यानं समुद्र एकदा बघितला होता, म्हणून तो जाणत्यासारखा बोलत होता. पण पाणी एवढं मागे का गेलं आहे, खडक उघडे का पडले आहेत, हे त्याला सांगता येईना. शेंगदाणेवाल्यानं सांगितलं, "आता ओहोटी आहे. उद्या दुपारी या."

म्हणून रविवारी आम्ही मुद्दाम त्याच जागी परत गेलो. पाणी पार भिंतीला लागलं होतं. भिंतीपाशी सिमेंटचे मोठे पाय फुटलेले ठोकळे टाकले आहेत, त्यांवर लाटा आपटून फुटत होत्या. अंगावर पाणी आलं. भरती आणि ओहोटी कशी होते ते ऐका. चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीला साडेबारा तासांच्या आतबाहेर लागतात. म्हणून रोज भरतीची वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच ओळीत येऊन ओढतात, तेव्हा पाणी जास्त चढतं. त्याला उधाण म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पौर्णिमा जवळ आली होती. मुंबईच्या कोळ्यांना तिथी सांगितली की ते भरतीची वेळ सांगतात. त्यांना घड्याळ लागत नाही.

कोळी हे मुंबईचे मूळचे. मुंबादेवीवरून मुंबई नाव पडलं. आधी इथे सात बेटं होती. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. ती पोर्तुगीज लोकांकडे होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि ही बेटं हुंड्यात देऊन टाकली. राजानं ती १६६८ साली इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीला भाड्यानं दिली. भाडं किती? वर्षाला दहा पौंड. दिलं-घेतलं त्यांनी, इथल्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही. पुढे मधल्या खाड्या दगडमाती टाकून बुजवल्या आणि सात बेटांचं एक शहर झालं. मंत्रालय उभं आहे ती जागासुद्धा समुद्रात भर घालूनच केलेली आहे.

शनिवारी संध्याकाळी चिंचपोकळीला जायचं होतं. लोकलमध्ये बसायची आमची पहिलीच वेळ. लोकल दोन तऱ्हेच्या, स्लो आणि फास्ट. स्लो प्रत्येक स्टेशनवर थांबते. फास्ट मधली स्टेशनं सोडते. चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही. फलाटावर वर पाटी लागते. गाडी कुठली, कुठल्या वेळेची, स्लो की फास्ट, हे तिच्यावर आलटून पालटून मराठी, हिंदी आणि इंग्रजीत येतं. मराठी गेली तर थांबावं, परत येते. घाबरून कुणाच्या मागे पळू नये. डब्यांतही फरक असतो. बायकांचे डबे वेगळे, त्यांवर बाईच्या डोक्याचं चित्र असतं. पहिल्या वर्गाच्या डब्यात साध्या तिकिटावर चढलं की दंड. तो डबा कमी गर्दीचा दिसतो म्हणून नवा माणूस नेमका तिथेच चढतो.

गर्दीत चुकामूक होते. म्हणून आम्ही चढायच्या आधीच ठरवलं की, चुकलो तर चिंचपोकळीला उतरायचं आणि जिन्याखाली थांबायचं. झालंही तसंच. बाई बायकांच्या डब्यात चढली, बाप्या पुरुषांच्या. बाप्याला गर्दीनं दारातून उतरूच दिलं नाही. तो पुढच्या करी रोडला उतरला आणि उलट्या गाडीनं परत आला. बाई जिन्याखाली उभी होती. तिनं तोवर स्टेशनवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या होत्या. रूळ ओलांडू नये, ही पाटी तिनं बाप्याला मुद्दाम नेऊन दाखवली. मुंबईत रूळ ओलांडताना दरसाल पुष्कळ माणसं मरतात. पूल लांब पडला तरी पुलानंच जावं. काही अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा नंबर आहे.

दादरचा एक घोळ पूर्वी फार होता. तिथे दोन रेल्वे येतात, मध्य आणि पश्चिम. दोन्हींना एक नंबरचा फलाट होता. माणूस एका फलाटावर आणि नातलग दुसऱ्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या फलाटांना सलग नंबर दिले. आता तो घोळ गेला.

मावसबहिणीची चाळ जुनी. खोली एक, माणसं पाच, त्यांत आम्ही दोघं. तिचे सासरे गिरणीत होते. या भागात पूर्वी कापडगिरण्या होत्या. भोंगा झाला की हजारो माणसं कामाला निघायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप नीट मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. किती जण गावी परत गेले, किती जण मुंबईतच हमाली करू लागले. आता त्या जागी काचेच्या उंच इमारती दिसतात. सासऱ्यांनी खिडकीतून हात करून दाखवलं, "तिथं आमचं खातं होतं." आम्ही बघितलं. तिथे आता मोटारी ठेवायची जागा आहे. रात्री जेवायला बोंबील होते. आमच्याकडच्या कांद्याची चव वेगळी, असं मावसबहीण म्हणाली. आम्ही पाच किलो नेला होता.

रविवारी लोकलचा वेगळाच कारभार असतो. रूळ आणि तारा दुरुस्त करायला रविवारी काही तास एखादी लाइन बंद ठेवतात. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. गाड्या कमी असतात, उशिरा येतात. रविवारी निघायचं तर तासभर हाताशी ठेवावा.

गेट वे ऑफ इंडियाही पाहिला. १९११ साली इंग्लंडचा राजा आणि राणी मुंबईला उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. पुरी व्हायला १९२४ साल उजाडलं. पण गंमत बघा. राजाच्या येण्याची कमान, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून गेली. आता तिथे फोटोवाले आणि कबुतरं. आम्ही एक फोटो काढून घेतला. बाई म्हणाली, "मागं कमान दिसते ना?" फोटोवाला म्हणाला, "काकू, कमानच दिसते, तुम्ही हसा."

परतीची गाडी आम्ही सीएसएमटीलाच पकडली. दादरला किंवा कल्याणला चढायचं म्हटलं तर रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. जिथून गाडी सुटते तिथे तासभर आधी जाऊन जनरल डब्याच्या रांगेत उभं राहावं. दोन जागा मिळाल्या, समोरासमोर.

कसाऱ्याला गाडी थांबली, पुष्कळ वेळ. मागून धक्का बसला. बाप्या दारातून वाकून बघायला लागला, तेव्हा बाईनं त्याला सदऱ्याला धरून आत ओढलं. शेजारचा माणूस रोजचा होता. त्यानं सांगितलं, घाट चढायला पुढचं एक इंजिन पुरत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. भरली बैलगाडी चढावर अडली की आपण मागून खांदा लावतो, तसंच. इगतपुरीला ती इंजिनं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली कसाऱ्याला जातात.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. एसटीच्या फलाटावर तीन गाड्या उभ्या होत्या. पाट्यांवरचा रंग उडाला होता. बाई पुढे गेली आणि आमच्या गावाकडची कोणती ते वाचून आली.